स्कुटारीचें रुग्णालय: सेवा आणि स्वच्छता

रुग्णशुश्रूषा हें दयेचें कृत्य खरें. परंतु अस्वच्छ जागीं दया अपुरी पडते, असें इतिहास पाहतां आम्हांस दिसतें.

क्रिमियन युद्धांत, नोव्हेंबर १८५४ मध्यें, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानांतील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत आल्या. परिचारिकांपैकीं १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. सर्वांनीं रात्रंदिवस सेवा केली. तरी मृत्यु वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्यें दर शंभर रुग्णांपैकीं सुमारें ४२ दगावले. जखमांपेक्षां रोगांनींच अधिक शिपाई नेले. इमारतीखालीं गटारें तुंबलेलीं, दालनांत खाटांची दाटी, हवा कोंदलेली!

मार्चमध्यें इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्यानें गटारें धुवून काढविलीं, भिंतींस चुना लावविला व हवेस वाट करून दिली. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा सुमारें २ वर उतरलें. ऋतुपालटाचें व गर्दी ओसरल्याचेंही साह्य झालें असेल. परंतु पुढें आंकडे तपासून नाइटिंगेल यांनीं मोठें श्रेय स्वच्छतेसच दिलें.

जंतूंचा सिद्धान्त तेव्हां प्रस्थापित झाला नव्हता. आज आम्ही जाणतों कीं, जंतु कोंडलेल्या हवेंतून, तसेच हात, खाटा व उपकरणें यांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात.

म्हणून, प्रिय वाचकहो, आजाऱ्यास भेटावयास जातांना हात धुवावे, खोलींत वारा खेळूं द्यावा, खाटेभोंवतीं दाटी करूं नये. हींही दयेचींच कृत्यें होत.