रकान्यात न मावलेल्या मुली : भारतातील एचआयव्ही संशोधनाचे एक प्रकरण

डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पुण्यातील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने, मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या, तर ३९१ जणी त्या व्यवसायात नव्हत्या. पहिल्या गटात एचआयव्ही संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. हे प्रमाण भयावह असले तरी अनपेक्षित नव्हते. अनपेक्षित होता तो दुसरा आकडा : १३.६ टक्के. या दुसऱ्या गटातील बहुसंख्य स्त्रिया विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध केवळ पतीशी आलेला होता.

हा आकडा वाचताना एक दक्षता आवश्यक आहे. पाहणीतील स्त्रिया काही ना काही त्रास होऊन गुप्तरोग दवाखान्यात आलेल्या होत्या, त्यामुळे १३.६ टक्के हे पुण्यातील सर्व विवाहित स्त्रियांमधील प्रमाण ठरत नाही. संशोधकांचाही तसा दावा नव्हता. त्यांनी दाखवून दिले ते एवढेच, की ज्या स्त्रीच्या स्वतःच्या वर्तनात कोणतीही ‘जोखीम’ नाही, तिलाही संसर्ग होऊ शकतो आणि त्याचा मार्ग तिच्या विवाहातून जातो. आजच्या वाचकाला हे उघड सत्य वाटेल. परंतु तोवरच्या सरकारी तक्त्यांत या स्त्रीसाठी रकानाच नव्हता. तो का नव्हता, हे समजून घेण्यासाठी अकरा वर्षे मागे, चेन्नईला जावे लागते.

चेन्नईतील एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या सुनीती गायतोंडे, म्हणजेच डॉ. सुनीती सॉलोमन, मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. अमेरिकेत १९८१ मध्ये एड्सची नोंद झाली होती, पण भारतात हा रोग येणार नाही अशी सर्वसाधारण समजूत होती. सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हाच विषय सुचवला. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ठेवलेल्या सरकारी सुधारगृहात जाऊन रक्ताचे नमुने गोळा केले. चेन्नईत चाचणीची सोय नसल्याने ते रेल्वेने वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागले. १९८६ च्या प्रारंभी झालेल्या त्या चाचणीत सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. भारतातील एचआयव्हीचा तो पहिला पुरावा होय.

शोध मोठा होता. मात्र तो जेथे लागला त्या जागेची छाप पुढील दशकावर पडली. पहिले रुग्ण सुधारगृहात सापडले म्हणून रोगही त्याच वस्तीचा मानला गेला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक, सुईने अमली पदार्थ घेणारे अशा ‘जोखमीच्या गटां’च्या याद्या झाल्या. साथीच्या आरंभी असे गट ठरवणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे नसते, कारण तुटपुंजी साधने कोठे वापरावीत हे त्यावरून ठरते. परंतु गट ठरला की गटाबाहेरचा माणूस सुरक्षित आहे, असे गृहीतकही नकळत ठरून जाते. घरातील सून या गृहीतकाच्या आड दिसेनाशी झाली.

पुण्याच्या पाहणीने हे गृहीतक मोडले. ज्या संस्थेने ते मोडले ती भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार योगायोगाने ‘नारी’ असा होत होता. याच काळात, १९९२-९३ मध्ये, पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. २० ते २४ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे तीत आढळले. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की प्रश्नाचा खरा आकार ध्यानात येतो. ‘विवाहित स्त्री’ या शब्दामागे त्या काळी अनेकदा सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी असे. तिच्या शरीराची बाजूही दुबळी असते. किशोरवयात गर्भाशयमुखावरील नाजूक पेशींचा थर अधिक उघडा असतो. त्यात एखाद्या लैंगिक आजाराचा दाह किंवा व्रण असेल तर विषाणूचा शिरकाव आणखी सुलभ होतो. वयाने मोठ्या पतीला नकार देण्याचे किंवा निरोध वापरायला सांगण्याचे सामर्थ्य तिच्याजवळ क्वचितच असे.

महाराष्ट्राला या विषयावर बोलायला शब्द नव्हते, असेही म्हणता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमन, लैंगिक आरोग्य व गुप्तरोग यांवर निर्भीड मराठीत लेखन केले. त्यासाठी त्यांनी प्राध्यापकी गमावली आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. तरीही एचआयव्हीच्या ऐन काळात, २००७ मध्ये, शाळांसाठी आखलेला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम याच राज्यात रोखला गेला. इतर काही राज्यांनीही तेच केले. धडा पाठ्यक्रमातून निघाला, तरी त्या वयातील मुलींची लग्ने थांबली नव्हती. ज्ञान लांबणीवर पडले. जोखीम मात्र आपल्या वेळेवर येत राहिली.

पुण्याच्या निष्कर्षानंतर शासनयंत्रणेने घरातील स्त्रीची दखल घेतली, ती प्रामुख्याने माता म्हणून. त्यामागे बळकट विज्ञान होते. गर्भवतीला झिडोव्युडिन दिल्यास बाळाला होणारा संसर्ग २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतो, हे अमेरिका व फ्रान्समधील चाचणीने १९९४ मध्ये सिद्ध केले. पुढे १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने नेव्हिरापिन या स्वस्त औषधाची प्रसूतीच्या वेळी आईला एक व जन्मानंतर बाळाला एक मात्राही उपयुक्त ठरते, असे दाखवले. भारतात २००० पासून निवडक रुग्णालयांत याची पडताळणी झाली आणि त्यानंतर कार्यक्रम देशभर विस्तारला. स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याच्या बहुराष्ट्रीय चाचणीत पुण्याचे ससून रुग्णालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होते. १९९८ पासून देशपातळीवर सुरू झालेली नियमित एचआयव्ही पाहणीही प्रसूतिपूर्व दवाखान्यांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या नमुन्यांवर आधारलेली होती.

या कार्यक्रमांनी असंख्य बाळे वाचवली. मात्र त्यांच्या रचनेत एक पोकळी राहिली. मुलगी गर्भवती होईपर्यंत ती या पाहणीत येत नसे, आणि बाळाच्या रक्षणासाठी सुरुवातीला दिलेली अल्पकालीन औषधे आईच्या स्वतःच्या आजारासाठी पुरेशी नव्हती. मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. प्रत्येक बाधित गर्भवतीला आजीवन उपचार देण्याचे धोरण त्यानंतर दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, अमलात आले.

दरम्यान, पहिल्या पिढीतील बाधित बाळे मोठी होत होती. मुलांवरील उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ मध्ये आखला गेला आणि जी मुले शाळेपर्यंतही पोहोचणार नाहीत असे मानले जाई, ती किशोरवयात आली. आकडेवारीत ‘मुले’ चौदाव्या वर्षी संपतात आणि ‘प्रौढ’ पंधराव्या वर्षी सुरू होतात. आयुष्यात अशी रेघ नसते. आई-वडील गमावलेली, आजीजवळ वाढणारी, रोज ठरल्या वेळी गोळी घेणारी मुलगी या रेघेवर उभी असते. तिची मासिक पाळी उशिरा आली तर ते विषाणूमुळे की कुपोषणामुळे, लग्न करता येईल का, मूल होईल का, झाले तर निरोगी असेल का, हे प्रश्न बालरोग विभागात विचारण्यासाठी ती मोठी असते आणि स्त्रीरोग विभागात जाण्यासाठी लहान.

तिचे प्रश्न किती शास्त्रीय आहेत, हे दोन उदाहरणांवरून दिसते. भारतातील उपचारांत अनेक वर्षे वापरले गेलेले इफाव्हिरेन्झ हे औषध यकृतातील विकरांना चालना देते. त्यामुळे लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची रक्तातील पातळी घटते, आणि त्यावर आधारलेल्या आपत्कालीन गोळीचा व त्वचेखाली बसवायच्या गर्भनिरोधकाचा प्रभाव कमी होतो. म्हणजे एका खिडकीवर मिळालेली गोळी दुसऱ्या खिडकीवरच्या गोळीला निकामी करू शकते. दुसरे उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये त्याचा धोका सहापट असतो. तो टाळणारी एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात देणे सर्वांत लाभदायक, म्हणजे नेमके ज्या वयात या मुलीशी प्रजनन आरोग्याबद्दल कोणी बोलत नाही त्या वयात.

स्त्रीकडे केवळ ‘संभाव्य माता’ म्हणून पाहण्याची किंमत २०१८ मध्ये जगभर दिसली. डोल्युटेग्राव्हिर हे नवे, अधिक परिणामकारक औषध येऊ घातले होते. बोत्स्वानातील अभ्यासात, गर्भधारणेच्या वेळी ते घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ प्रसूतींमध्ये ४ बाळांच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीत दोष आढळला. तत्काळ सावधगिरीच्या सूचना निघाल्या आणि अनेक देशांत तरुण स्त्रियांना हे औषध नाकारले गेले. जुलै २०१८ मध्ये किगालीत जमलेल्या आफ्रिकेतील एचआयव्हीबाधित स्त्रियांनी भूमिका मांडली : धोका समजावून सांगा, गर्भनिरोधक उपलब्ध करा, निर्णय आम्हाला घेऊ द्या. वर्षभरात त्याच अभ्यासातील प्रसूतींची संख्या १,६८३ झाली आणि दोषांची ५. प्रमाण ०.९ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर उतरले, आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध तरुण स्त्रियांसह सर्वांसाठी प्राधान्याचे ठरवले. लहान नमुन्यावरून आलेली धोक्याची सूचना दुर्लक्षू नये, हे खरे; पण तिच्या आधारे एका संपूर्ण गटाचा निर्णयाधिकारही काढून घेऊ नये.

या मुलींच्या भवितव्याबद्दलचे सर्वांत आशादायक उत्तर २०११ मध्ये मिळाले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील चाचणीत, बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिल्यास त्याच्याकडून होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे दिसले. भारतातील केंद्रे होती पुणे आणि चेन्नई. चेन्नईचे केंद्र सॉलोमन यांनी वडिलांच्या नावे १९९३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत होते. नियमित उपचार घेणाऱ्या तरुणीला विवाह, सहजीवन आणि निरोगी मूल यांची वाट मोकळी असल्याचा हा भक्कम पुरावा ठरला. ज्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एचआयव्हीबाधितांचा विवाहाचा हक्क स्थगित केला होता आणि २००२ मध्ये ते मत मागे घेतले होते, तेथे या आकड्याचे मोल केवळ वैद्यकीय नव्हते. तरीही चाचणीत सहभागी होण्यासाठी किमान वय अठरा होते. किशोरवयीन मुलगी पुन्हा एकदा रकान्याबाहेर राहिली.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने काही दारे उघडली. बाधित गर्भवतीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या माहितीपूर्ण संमतीविना करता येत नाही. एचआयव्हीने ग्रासलेल्या कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले, बारा ते अठरा वयाचे मूल आपल्या धाकट्या भावंडाचे पालकत्व निभावू शकते : त्याचा शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते, मालमत्ता यांचा निर्णय घेऊ शकते. मात्र राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अठरा वर्षांखालील मुलीच्या स्वतःच्या चाचणीसाठी पालकांची संमती लागते. धाकट्या भावाच्या औषधांचा निर्णय घेण्याइतकी शहाणी ठरणारी मुलगी स्वतःच्या रक्ताविषयी तितकी शहाणी का ठरत नाही, या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित व्यक्ती होत्या, त्यांत सुमारे ४५ टक्के स्त्रिया. राज्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक, सुमारे ३.९ लाख. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. गेल्या चार दशकांत विषाणूवर औषध आले, बाळाला वाचवण्याची रीत आली, जोडीदाराला वाचवण्याचीही आली. या प्रत्येक टप्प्यावर आधी कोणीतरी नवा प्रश्न विचारला होता आणि मग तक्त्यात नवा रकाना आखला गेला होता. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी तो रकाना आखणे हे आता पुढच्या पिढीच्या संशोधकांचे काम आहे. त्यात तिचे वय, तिची पाळी, तिची औषधे आणि तिचा स्वतःचा निर्णय या चारही नोंदी एकाच ओळीत असाव्या लागतील.