सिमेंटविना गुडघ्याची कुळकथा

सिमेंट न वापरता बसवलेल्या कृत्रिम गुडघ्याचं मूळ शोधत गेलं, की आपण स्वीडनमधल्या लुंडला, सशाच्या पायापाशी पोहोचतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पेर-इंग्वार ब्रोनमार्क तिथे हाडातला रक्तप्रवाह न्याहाळत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं छोटं उपकरण प्रयोग संपल्यावर निघेना. हाड धातूला बिलगून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी याच आधारावर रुग्णाच्या जबड्यात दात बसवले.

गुडघ्यात मात्र सिमेंटचं राज्य होतं. दंतवैद्यांच्या वापरातलं हे ॲक्रिलिक इंग्लंडच्या जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी रूढ केलं. ते चिकटवत नाही. हाडाच्या जाळीत शिरून कडक होतं आणि सांध्याला धरून ठेवतं. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये आणलेला गुडघा त्यावरच बसवलेला होता, आणि तो उत्तम टिकला. धास्ती होती ती तरुण, वजनदार रुग्णांची: काही वर्षांनी ही पकड सुटली तर?

म्हणून १९८०च्या सुमारास बाल्टिमोरच्या डेव्हिड हंगरफोर्ड यांच्या गटाने कोबाल्ट-क्रोमच्या बारीक मण्यांचा थर दिलेला गुडघा आणला. मण्यांमधल्या फटींत हाड शिरावं, ही कल्पना. अट एकच, पण कठोर: सुरुवातीला सांधा जवळपास हलता कामा नये. हालचाल दीडशे मायक्रॉनच्या पुढे गेली, की हाडाऐवजी तंतुमय ऊतक भरतं आणि सांधा डळमळतो.

पुढचे निकाल वाईट आले. सांध्यातलं प्लास्टिक लवकर झिजलं, वाटीमागचा धातू उघडा पडला, स्क्रूच्या भोकांतून झिजेचे कण उतरले आणि हाड पोखरलं गेलं. नडगीवरची बैठक काही जणांत खरोखर सैल झाली, हे मान्य. पण बरेचसे गुन्हे प्लास्टिकचे आणि आराखड्याचे होते. शिक्षा मिळाली ती सिमेंट टाळण्याच्या कल्पनेला. अनेक शल्यविशारद सिमेंटकडे परतले.

त्या कल्पनेची बाजू मांडली ती मोजमापाने. लुंडच्याच योरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये हाडात टँटलमचे सूक्ष्म मणी ठेवून क्ष-किरणांनी सांध्याचं अंशमात्र सरकणं मोजायची पद्धत मांडली. तिने दाखवलं, की सिमेंटविना बसवलेला भाग पहिल्या काही महिन्यांत जास्त सरकतो, पण नीट रुजला तर मग जागचा हलत नाही. सिमेंटचा भाग आधी कमी सरकतो. काहींत मात्र ते सरकणं पुढेही चालू राहतं.

आता सच्छिद्र टँटलम आणि त्रिमितीय छपाईतून घडलेलं टायटॅनियम आलं आहे. चांगल्या आराखड्यांत वेदना, चालणं आणि दहा वर्षांची टिकाऊपणाची आकडेवारी साधारण सिमेंटच्या तोडीची दिसते. सरस ठरल्याचा पुरावा अजून नाही. छापील धातूच्या गुडघ्याला वीस वर्षं व्हायची आहेत. ठिसूळ हाडाच्या वृद्ध रुग्णाला आजही बहुतेक शल्यविशारद सिमेंटच देतात, आणि ते योग्यच आहे.