पहिली गाडी, जुनी गाडी : निवडीचे एक शास्त्र

१. संज्ञा

पवईतल्या मध्यमवर्गीय घरात पहिल्या गाडीचा विचार बहुधा एखाद्या प्रसंगाने पक्का होतो. बाळ घरी येते, वडिलांना दर आठवड्याला डॉक्टरकडे न्यावे लागते, किंवा भर पावसात कांजूरमार्ग स्टेशनबाहेर एकही रिक्षा थांबत नाही. हातात दोन-तीन लाख रुपये असतात, तेवढ्यात नवी गाडी बसत नाही, आणि जुन्या गाडीची भीती वाटते. ही भीती रास्त आहे, पण ती पद्धतशीर तपासणीने बरीच कमी करता येते. त्यासाठी आधी 'स्वस्त' आणि 'भरवशाची' या दोन शब्दांचे अर्थ नक्की करायला हवेत.

गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत झालेल्या एकूण खर्चातून विकताना आलेली रक्कम वजा करावी आणि बाकीला वापराच्या वर्षांनी भागावे. हा आकडा जिचा लहान, ती गाडी स्वस्त. कधीच बिघडत नाही अशी गाडी जगात नाही. म्हणून जिचा बिघाड आधी ओळखू येतो, जवळच्या गॅरेजात दुरुस्त होतो आणि अंदाजलेल्या खर्चात बसतो, ती भरवशाची. दोन्ही व्याख्यांचा गाभा एकच: पुढचा खर्च आधी कळला पाहिजे. तो कळण्याचा सर्वात खात्रीचा आधार म्हणजे गाडीचा मागचा इतिहास. पहिल्या खरेदीदाराने गाडीच्या आधी तिचा इतिहास पारखावा, हेच या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

पूर्वी भरवशाचा अर्थ वेगळा होता. पवईपासून थोड्याच अंतरावर, कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. ती बिघडे पुष्कळ, पण नाक्यावरचा मेकॅनिक पान्याने ती पुन्हा चालू करी. आजच्या गाडीत इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे आहे. ती क्वचित बिघडते, पण बिघडली की खर्च मोठा येतो. त्यामुळे भरवसा आता दुरुस्तीच्या सोयीपेक्षा आधीच्या मालकाच्या वागणुकीवर जास्त अवलंबून असतो.

२. बाजाराचा स्वभाव

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकन बोलीत रद्दी गाडीला 'लेमन' म्हणतात, त्यावरून निबंधाचे नाव आले. या विचारासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मुद्दा साधा आहे. गाडीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा सावधपणे मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, खराब गाडी विकणे मात्र परवडते. हळूहळू चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर पडतात.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला, अज्ञाताकडून घेतलेल्या गाडीपेक्षा सोसायटीतल्या, ऑफिसातल्या किंवा नात्यातल्या माणसाची गाडी अनेकदा बरी ठरते, कारण तिथे माहितीची दरी अरुंद असते. बदली झाली म्हणून किंवा कुटुंब मोठे झाले म्हणून विकली जाणारी गाडी शोधावी. त्या विक्रीचे कारण गाडीत नसून मालकाच्या आयुष्यात असते. दुसरा, विकणाऱ्याने दिलेला प्रत्येक पुरावा ही दरी कमी करतो. सर्व्हिसच्या बिलांची फाइल मागितल्यावर एकजण ती लगेच काढून देतो आणि दुसरा "गाडी बघा ना, कागदाचं काय" म्हणतो. या दोघांमध्ये दहा-पंधरा हजारांचा फरक असला, तरी पहिल्याकडेच जावे.

३. खर्चाची बेरीज

विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याची जी घसाऱ्याची श्रेणी आहे, तिच्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरतात. बाजारभाव याहून निराळा असतो, पण दिशा तीच. म्हणजे पाच वर्षांत निम्मी किंमत पहिल्या मालकाने सोसलेली असते. दुसऱ्या टोकाला, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते, ज्याला बोलीत रीपासिंग म्हणतात. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने मोटारीच्या या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केले, शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. घसारा ओसरलेला आणि नोंदणीची वर्षे शिल्लक, असा पट्टा पाच ते आठ वर्षे वयाच्या गाडीत सापडतो.

आता उदाहरण घेऊ. एक गाडी अडीच लाखांची. तिचे चारही टायर गुळगुळीत, क्लच शेवटाकडे आलेला, बॅटरी जुनी, शॉकअप-बुश झिजलेले. दुसरी तीन लाखांची, ही सगळी कामे गेल्या वर्षी झालेली आणि बिले हाताशी. समजा टायरना १८ हजार, क्लचसेटला १२ हजार, बॅटरीला ५ हजार आणि शॉकअप-बुशच्या कामाला १५ हजार लागले, तर दोन्ही गाड्या एकाच किमतीला येतात. पण पहिलीच्या खर्चाची यादी इथेच संपेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून हाती असलेल्या रकमेतला सुमारे पाचवा भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि उरलेल्या चार भागांतच गाडी, नामांतर आणि विमा बसवावा.

४. मॉडेल

पहिली चाळणी मॉडेलची. सुट्या भागांची उपलब्धता हा मुख्य निकष. मारुतीची आल्टो के-१०, वॅगनआर आणि स्विफ्ट, ह्युंदाईची ग्रँड आय-१०, टोयोटाची इटिऑस लिव्हा ही नावे पुनःपुन्हा येतात. त्यांचे पेट्रोल इंजिन साधे आणि संख्येने भरपूर, त्यामुळे ते ओळखणारे हात गल्लोगल्ली आहेत. याउलट, तळेगावच्या कारखान्यात बनलेली शेवरले बीट घ्या. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि महाराष्ट्रातच जन्मलेली ही गाडी महाराष्ट्रातच पोरकी झाली. अशी गाडी स्वस्त मिळते, कारण तिचा पुढचा खर्च आधी सांगता येत नाही.

पवईतल्या वापराला पेट्रोल योग्य. बीएस-सहा डिझेल गाडीच्या धुराड्यातला काजळीचा फिल्टर साफ व्हायला सलग, वेगाने धावणे लागते. शाळा, बाजार, ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो. सीएनजी बसवलेली असेल, तर ती आरसी बुकात नोंदलेली आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहावे.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड करू नये. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. त्याआधीची गाडी घेताना निदान दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलेच व्हेरियंट शोधावे. म्युझिक सिस्टिम नंतर बसवता येते, एअरबॅग नाही.

५. किलोमीटर आणि तास

"कमी चाललेली" हे जाहिरातीतले सर्वात मोहक विशेषण. ५० हजार किलोमीटर ताशी ५० च्या सरासरीने कापायला इंजिन १,००० तास चालते. हेच अंतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या गर्दीत ताशी १५ ने कापले तर ३,३३३ तास. मीटरवर आकडा तोच, झीज तिपटीहून अधिक, आणि अर्ध्या क्लचवर रांगल्याने क्लचप्लेटचे हाल वेगळेच. म्हणून "कुठे चालवली" हा प्रश्न "किती चालवली" याच्या आधी विचारावा.

मीटर मागे फिरवलेला असू शकतो. त्यावर उपाय आहेत. टायरच्या भिंतीवर चार अंकी तारीख असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटरवर २० हजार आणि टायर २०२३ चे असतील, तर स्पष्टीकरण मागावे. ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगचा तुळतुळीतपणा मीटरशी जुळतो का, हे पाहावे. आणि सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावरचा आकडा चढत्या क्रमाने लावून बघावा.

६. नगाची परीक्षा

मॉडेल चांगले असले तरी आपण विकत घेतो तो एक विशिष्ट नग. ही परीक्षा सकाळी सातला, गाडी जिथे रात्रभर उभी होती तिथेच करावी. आधी बोनेटवर तळहात ठेवावा. तो कोमट लागला तर मालकाने आपण येण्यापूर्वी इंजिन चालवून घेतले आहे, आणि थंड स्टार्टिंगचा दोष झाकला गेला आहे. अशा वेळी नम्रपणे दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी. तेलाचे झाकण उघडून आतली बाजू पाहावी. तिथे दुधाळ कॉफीसारखा थर असेल, तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे आणि हेड गॅस्केट तपासायला हवी. स्टार्ट केल्यावर निळा धूर म्हणजे जळणारे तेल. वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, हेही बघावे.

मग पाण्याची परीक्षा. पवई तलाव पावसाळ्यात भरून वाहतो, ते पाणी मिठीला मिळते आणि मिठी पुढे साकीनाका, कुर्ला, कलिना असा प्रवास करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा याच काठांवर असंख्य गाड्या बुडाल्या. त्यानंतरही मुंबईच्या सखल भागात गाड्यांत पाणी शिरतच आले आहे. बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. एरवी गुंडाळीत लपणारा शेवटचा हातभर पट्टा उजेडात आणावा. त्यावर गाळाची आडवी रेघ किंवा बुरशीचे ठिपके दिसले, तर गाडीत पाणी शिरले होते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली वाळू हीच साक्ष देतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्या वायरिंगमधला गंज कधी आणि कुठे डोके वर काढील, हे कुणालाच सांगता येत नाही.

चाचणीसाठी पवईचा भूगोल अनुकूल आहे. हिरानंदानीतल्या हिलसाइड अ‍ॅव्हेन्यूच्या परिसरात एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा जळका वास येतो, तर क्लच गेला. मग एसी लावून लिंक रोडच्या गर्दीत वीस मिनिटे रांगावे. रेडिएटरचा पंखा वेळच्या वेळी सुरू व्हावा आणि एसीचा गारवा टिकावा. शेवटी स्पीडब्रेकरवरून काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून जावे. खटखट आवाज आला तर तो कुठल्या चाकाचा, हे लिहून ठेवावे.

यानंतर स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून दाखवावी आणि स्कॅनर लावून घ्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

७. कागद

आरसीवरचा चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नामांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. थकलेली ई-चलाने सौद्याआधीच भरून घ्यावीत.

'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नामांतराची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. तो टाळाटाळ करत असेल, तर आपण व्यवहार टाळावा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करावा. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण आपोआप येते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे येत नाही. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो आपल्याला मिळणार नाही, हे हिशेबात धरावे.

व्यापाऱ्याकडून घेताना त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र आहे का विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम लागू आहे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. त्यांच्या किमतीत एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नव्या क्रमांकाचा खर्च मिळवूनच तुलना करावी.

८. निष्कर्ष

पहिल्या खरेदीदाराकडे अनुभव नसतो, पण वेळ असतो, आणि या बाजारात वेळ हेच त्याचे भांडवल. दहा गाड्या पाहून नऊ नाकारणे म्हणजे वाया गेलेले नऊ रविवार नव्हेत. तेवढ्यात डोळा तयार होतो आणि किमतीचा अंदाज बसतो. इसार देण्याची घाई मात्र कुणी लावली, तर तिथून उठावे.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात तेल आणि फिल्टर बदलावेत, आणि ते बिल तारीख-किलोमीटरसह फाइलला लावावे. पुढे प्रत्येक टायरचे, प्रत्येक बॅटरीचे बिल तिथेच जावे. पाच वर्षांनी ही गाडी आपण विकू, तेव्हा समोर आपल्यासारखाच कुणीतरी धास्तावलेला पहिला खरेदीदार उभा असेल. त्याच्या हातात ती फाइल ठेवता आली, तर आपल्याला रास्त किंमत मिळेल आणि त्याच्या पुढच्या खर्चाचा अंदाज त्याला पहिल्याच दिवशी येईल.