बायबल कसे वाचावे? अर्थ लावण्याच्या आधुनिक पद्धतींची ओळख

बायबल हा अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. त्याचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न केवळ धर्मपंडितांचा नाही. अमेरिकेतील गुलाममालक इफिसकरांस पत्रातील ‘दासांनो, धन्याची आज्ञा पाळा’ या आशयाचे वचन पुढे करीत. त्याच ग्रंथातील मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांच्या कथेत गुलामांना मुक्तीची आशा दिसे. म्हणून समाजशास्त्राच्या अंगाने आम्ही येथे चार प्रमुख पद्धतींची ओळख करून देत आहोत.

१) ऐतिहासिक चिकित्सा : पहिले पाच ग्रंथ मोशेने लिहिले, या समजुतीला स्पिनोझा यांनी १६७० मध्ये आव्हान दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक युलियुस वेलहाउझेन यांनी या ग्रंथांमागे चार वेगवेगळे स्रोत असल्याची मांडणी प्रभावीपणे केली. उदाहरणार्थ, नोहाच्या कथेत एके ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगितले आहे, तर दुसरीकडे शुद्ध प्राणी सात-सात घ्यायला. चार स्रोतांच्या तपशिलावर आज मतभेद आहेत. पण हे ग्रंथ एकहाती नाहीत, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

२) मुक्तिवादी वाचन : पेरूचे धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेझ यांचा मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथ १९७१ मध्ये आला. गरिबांच्या बाजूने उभे राहून वाचायचे, ही त्याची भूमिका. अमेरिकेत जेम्स कोन यांनी कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून अशीच मांडणी केली.

३) स्त्रीवादी वाचन : एलिझाबेथ केडी स्टँटन व सहकारी स्त्रियांच्या ‘द वुमन्स बायबल’चा पहिला भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथातील स्त्रिया भाषांतरातही कशा झाकल्या गेल्या, हे या पद्धतीने दाखवले. फिबी या स्त्रीसाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द पुरुषाला लागला की ‘धर्मसेवक’ हे पद होई; फिबीच्या बाबतीत मात्र जुन्या भाषांतरांत ती नुसती ‘सेविका’ उरली.

४) दलित वाचन : अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानातून याची पायाभरणी केली. भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन उच्चवर्णीय परंपरेतच अडकले आहे, ही त्यांची टीका होती. ‘अनुवाद’ या ग्रंथातील भटक्या पूर्वजांची कबुली त्यांनी दलितांच्या अनुभवाशी जोडली.

मुक्तिवादी वाचनाचीही चिकित्सा झाली आहे. ओसेज या मूलनिवासी जमातीचे रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ मध्ये विचारले : मिसरमधून सुटलेल्यांना जी भूमी मिळाली, तिथे आधीपासून राहणाऱ्या कनानी लोकांचे काय? एकाची मुक्तिकथा दुसऱ्याच्या विस्थापनाची कथा असू शकते.

व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने १९९३ च्या दस्तऐवजात ऐतिहासिक चिकित्सा अपरिहार्य मानली आणि अक्षरशः अर्थ घेणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनाच्या धोक्यांचा स्पष्ट इशारा दिला.

आमच्या मते कोणताही धर्मग्रंथ हाती घेताना तीन प्रश्न सोबत असावेत : हे कोणी लिहिले, याचा अर्थ आजवर कोणी सांगितला आणि त्या अर्थाची किंमत कोणी मोजली?