मळवलीच्या दगडावरची लक्ष्मी

तुम्ही कामथडीत, पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला उभे आहात. गाड्यांचा गोंगाट विरतो, डांबर जाऊन धुळीची चाकोरी उरते. साल 1905. बैलगाडीने खेड शिवापूर मागे टाकून, कात्रजचा घाट ओलांडून तुम्ही पुणं गाठता आणि तिथून आगगाडीने लोणावळ्याच्या अलीकडे, मळवलीला.

राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना आता इथे आहे. मालक आहेत जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर. आत शिरताच शाईचा आणि जवसाच्या तेलाचा उग्र दर्प नाकात भरतो. गुळगुळीत दगडावर कमळात उभी लक्ष्मी दिसते, पण उलटी: तिचा उजवा हात इथे डावीकडचा वाटतो.

वाकून बघा. दंडाची गोलाई बारीक ठिपक्यांनी साधली आहे. उजेडाकडे विरळ, सावलीकडे दाट. कारागीर दगड ओला करतो, मग शाईचा रूळ फिरवतो. तेलकट रेखाटन शाई धरतं, ओला दगड ती घेत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद केसभर सरकला, तर ओठांची लाली हनुवटीवर उतरेल.

देह असा घडवण्याची रीत युरोपातल्या कला-अकादमींची. 1879 मध्ये पॅरिसच्या सालाँ या चित्रप्रदर्शनात फ्रेंच चित्रकार बूगरोची व्हीनस समुद्रातून शिंपल्यावर उभी राहिली: नितळ कांती, कुंचल्याचा माग कुठेही नाही. तैलरंगाचं तंत्र रविवर्म्यांनी त्रावणकोरात चित्रकार थिओडोर जेन्सन यांना काम करताना पाहून आणि स्वतः खपून आत्मसात केलं. त्यांची समुद्रकन्या लक्ष्मी मात्र साडी नेसून, दागिने लेवून येते.

बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांच्याकडून 14 पौराणिक चित्रं राजवाड्यासाठी करून घेतली होती. तुमच्या हातातला हा ओला कागद मात्र बाजारात जाईल, चौकटीत बसेल, देवघरात लागेल. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना मज्जाव आहे, त्यांच्याही भिंतीवर देवी समोरासमोर उभी राहील.

या छापांना भडक म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ठिपके पाहायला हवेत. दरबारी चित्रकला घराघरांत पोचली ती या हातांमुळे. चित्राखाली रविवर्म्यांचं नाव येतं ते रास्तच. दगडावर डोळे शिणवणाऱ्यांचंही यायला हवं होतं.