सोपाऱ्याचे दान आणि विणकऱ्यांचे व्याज



आपल्या सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा भुईगावला सापडला तो १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी. योगायोगच, पण आम्हाला त्याचे अप्रूप वाटते.

या नवव्या लेखाचा पूर्ण पाठ गिरनारला आहे. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे, असे सम्राट सांगतो. आणि त्या धम्ममंगलात पहिले काय? तर दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे! वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान हे त्यानंतर. आम्ही गिरणीत साचे चालवले. दिवाळीला मिठाईचा पुडा मिळायचा, पण बदलीवाला वर्षानुवर्षे बदलीवालाच. म्हणून हा क्रम आम्हाला लागला.

आता नाशिकची त्रिरश्मी लेणी. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, तिथे आणि भडोच, दशपूर, गोवर्धन इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. डहाणूच्या नदीवर फुकट होड्या ठेवल्या, पाणपोया घातल्या. ब्राह्मणांनाही त्याने गायी-गावे दिली, ते लपवण्यात अर्थ नाही. पण भिक्खूंसाठी केलेली सोय कापडातल्या माणसाने वाचावी अशी आहे. तीन हजार कार्षापण त्याने विणकऱ्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर. उरलेल्या हजारावर पाऊण टक्का, तो इतर खर्चाला. मुद्दलाला हात लावायचा नाही. नाव राजाच्या जावयाचे झाले, पण व्याज भरले ते साचेवाल्यांनी.

आपल्याकडे काय होते? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेले तेव्हा वर्गणी काढली, खिचडी शिजवली, दोन दिवसांत पेटी रिकामी. वह्या-दप्तरांसाठी जूनमध्ये पुन्हा दारोदार. वर्धापनदिनाच्या मंडपाला मात्र पैसे कमी पडत नाहीत. आम्ही हे मीटिंगमध्ये बोललो, काही जण रागावले. रागावू देत.

उषवदाताचा व्यवहार नगरसभेत ऐकवला आणि फळ्यावर नोंदला, असेही त्या लेखात कोरले आहे. आमचे म्हणणे एवढेच की यंदा मंडपातून काही रक्कम वाचवून बँकेत ठेवावी, तिच्या व्याजातून दप्तरे घ्यावीत आणि आकडा विहाराच्या फळ्यावर दर पौर्णिमेला लिहावा. खडू आम्ही आणू.