क्रियापदांच्या तऱ्हा आणि एक शब्दकोश

इंग्रजी शिकवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे: ‘ही सजेस्टेड मी टू गो.’ लिहिणारा काही आळशी नसतो. मराठीत ‘जायला सांगितलं’, ‘जायला लावलं’, ‘जायला सुचवलं’ या तिन्ही ठिकाणी ‘जायला’ एकच. इंग्रजीच्या मात्र तीन तऱ्हा. ‘टोल्ड मी टू गो’मध्ये ‘टू’ हवा. ‘मेड मी गो’मध्ये तो चालत नाही. आणि ‘सजेस्टेड’ला ‘मी टू गो’ मुळीच मानवत नाही. तिथे ‘दॅट आय शुड गो’ म्हणावं लागतं.

अर्थ जवळचा, म्हणून रचनाही तीच, हा तर्क इथे फसतो. आणि तो फक्त मराठी माणसाचाच फसतो असं नाही.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानमधल्या ओइता इथे शिकवायला गेले. तिकडे तोक्योत हॅरॉल्ड पामर यांनी १९२३ साली इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था काढली होती. क्रियापदांच्या रचनांची वर्गवारी पामर यांनी सुरू केली. हॉर्नबी त्या कामात सामील झाले आणि १९३६ साली पामर मायदेशी परतल्यावर त्यांनी ते पुढे नेलं. शिकणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळतो, पण तो वाक्यात बसवायचा कसा हे कळत नाही, ही अडचण त्यांनी हेरली. गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी एक कोश रचला. त्यात क्रियापदांच्या २५ रचना ठरवल्या आणि क्रियापदापुढे त्याच्या रचनेचा क्रमांक दिला.

एवढ्यात डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पेटलं. हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून स्थानबद्ध झाले आणि १९४२ साली इंग्लंडला परतले. त्याच वर्षी तोक्योच्या काइताकुशा प्रकाशनाने तो कोश छापला. दोन देश एकमेकांवर तोफा डागत असताना, एकाची भाषा दुसऱ्याच्या राजधानीत अशी जपली गेली! १९४८ साली ऑक्सफर्डने तोच कोश पुन्हा काढला. आपल्याकडच्या कपाटांत दिसणारा ऑक्सफर्डचा ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश तो हाच.

पुढच्या आवृत्त्यांत क्रमांक गेले, सोप्या खुणा आल्या. आपण मात्र अर्थ वाचून कोश मिटतो. मंडळी, क्रियापदाचा अर्थ पाहिलात की शेजारची ती बारीक खूणही पाहा. चूक टाळण्याची किल्ली तिथेच ठेवलेली आहे.